मोंटे कार्लो बसवायची आहे

फाबियान अरेयानोनं रविवारी, भर जेवणात, सगळ्या सासुरवाडीसमोर जाहीर केलं की येत्या शनिवारपर्यंत सासऱ्यांची जुनी मोंटे कार्लो गाडी तो रस्त्यालगत खाली बसवून दाखवेल. तेही एकट्यानं, याच अंगणात, दुकानातून आणलेल्या तयार स्प्रिंगा घालून, कागदावर लिहिलंय अगदी तसं! एवढं बोलून त्यानं निवांतपणे मक्याच्या पानात उकडलेला पुढचा तामाले सोलायला घेतला. टेबलावर मात्र सगळ्यांचे हात थांबले. सॅन होजेच्या पूर्व भागात माणसं स्वतःच्या पगाराबद्दल खोटं बोलतात, बायकोच्या स्वयंपाकाबद्दल बोलतात, पण गाडी किती खाली बसली याबद्दल बढाई मारत नाहीत. पगार आणि स्वयंपाक घरात राहतो, गाडी रस्त्यावर सगळ्यांना दिसते.

गाडी डॉन तिबुर्सिओंची. हे 'डॉन' आपलं आदराचं, पिस्तुलाचं नव्हे. गृहस्थ जन्मभर फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबलेले. तरुणपणी त्यांची डाळिंबी रंगाची मोंटे कार्लो इतकी खाली बसलेली असायची की तिच्याखालून मांजर जाताना विचार करायचं. मग सासूबाईंची कंबर धरली आणि त्यांच्यासाठी डॉन तिबुर्सिओंनी गाडी चारचौघांसारखी वर केली. सासूबाई गेल्या, पण गाडी पुन्हा खाली आणायला त्यांचं मन होईना. मन झालं तोवर गुडघे गेले, मागोमाग डोळे अधू झाले आणि गाडी चालवायचा परवानाही गेला. आता नातीचं, म्हणजे फाबियानच्या यारेत्सीचं, पंधरावं शनिवारी होतं. मुलगी पंधरा वर्षांची झाली की चर्चमध्ये आशीर्वाद, मग हॉलमध्ये नाच आणि जेवण. तिनं चर्चला खाली बसलेल्या मोंटे कार्लोतूनच जावं, एवढं म्हाताऱ्याच्या मनात होतं.

"जो बसवेल, तो पोरीला घेऊन जाईल," ते म्हणाले.

हे ऐकून फाबियाननं हातातला तामाले खाली ठेवला. अठरा वर्षं तो या घरचा जावई होता आणि अठरा वर्षांत त्या गाडीच्या किल्लीला त्याचं बोट लागलेलं नव्हतं. धाकट्या जावयाला, वेन्सेसला, म्हातारा 'पोरा' म्हणायचा. फाबियानला 'जावई' म्हणायचा, पोस्टमनला पोस्टमन म्हणावं तसं. याचं कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं: फाबियान नेरेइदाला मागणी घालायला बसनं आला होता. असा डाग सहजी धुतला जात नाही. पण स्वतःच्या मुलीला, स्वतःच्या हातानं, त्या गाडीतून चर्चच्या दारात उतरवलं तर धुतला जाईल अशी त्याची पक्की समजूत होती.

फाबियानचा धंदा कपाटं जोडून देण्याचा. लोकांच्या घरी खोक्यातून सुटी कपाटं यायची, हा जाऊन सोबतच्या कागदाबरहुकूम ती उभी करायचा. कागद वाचला तर जगात काहीही चुकत नाही, हा त्याचा धर्म. स्प्रिंगांच्या खोक्यातही कागद निघाला आणि त्याला धीर आला. दोन गोष्टी त्यात जाड अक्षरात होत्या. एक, गाडी खड्ड्यात आपटू नये म्हणून चाकाच्या वर जे रबरी ठोकळे असतात, ते अर्धे कापा, नाहीतर गाडी त्यांच्यावरच टेकून बसेल. दोन, चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी हातांचे बोल्ट अगदी शेवटी आवळा, आणि तेही गाडी जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी असताना.

ठोकळे त्यानं अर्धे कापले. स्प्रिंगा घातल्या. एक स्प्रिंग निसटून शेजारच्या गुलाबात जाऊन पडली, ती परत आणून घातली. आता राहिले बोल्ट. गाडी जमिनीवर ठेवून खाली शिरायचं म्हणजे काय होणार, हे त्याला माहीत होतं, कारण पाहणी करताना त्यानं एकदा तसा प्रयत्न केला होता. डोकं गेलं, छाती गेली, पोटापाशी जागा संपली आणि नेरेइदानं पाय धरून त्याला बाहेर ओढलं. तेव्हा फाबियाननं आयुष्यात पहिल्यांदा कागदाशी बेइमानी केली. बोल्ट तो बोल्ट, हवेत आवळला काय नि जमिनीवर आवळला काय, असं म्हणून त्यानं गाडी जॅकवर असतानाच सगळे करकचून आवळले.

गाडी खाली सोडली तेव्हा डॉन तिबुर्सिओ खुर्ची टाकून बसले होते, कुंपणाबाहेर गल्लीतले चार अनुभवी म्हातारे उभे होते, आणि वेन्सेस मुद्दाम कामावरून लवकर आला होता. जॅक निघाला. मोंटे कार्लो उभी राहिली. होती तेवढीच उंच. उलट पुढून बोटभर जास्तच.

कुंपणाबाहेरचा एक म्हातारा म्हणाला की आजकाल अशीच पद्धत असेल. वेन्सेसनं गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली.

"दादा, ही खाली आणलीस, की नाच शिकवायला टाचांवर उभी केलीस?"

डॉन तिबुर्सिओ खुर्ची उचलून आत गेले. रात्री नेरेइदानं विचारलं, पप्पा काय म्हणाले. काही नाही, असं फाबियाननं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग अवघड आहे."

त्यानं स्प्रिंगांच्या दुकानात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, घाबरू नका, नव्या स्प्रिंगा बसायला वेळ घेतात. चार दिवस गाडी चालवा, आपोआप बसेल. फाबियाननं हे सासऱ्यांना सांगितलं आणि किल्ली मागितली. सासरे म्हणाले, आधी बसव, मग किल्ली. फाबियान म्हणाला, चालवल्याशिवाय बसणार नाही. सासरे म्हणाले, बसल्याशिवाय चालणार नाही. असा एक दिवस गेला.

चालवता येत नाही तर वजन तरी टाकू, म्हणून मग त्यानं डिकीत वाळूची पोती भरली आणि आल्या-गेल्याला गाडीत बसवायला सुरुवात केली. दोन मावशा, वेन्सेस, वेन्सेसचा भाऊ, पत्रिका घ्यायला आलेली शेजारीण, सगळी जागच्या जागी उभ्या गाडीत दाटीवाटीनं बसून गोड पाव खात होती आणि फाबियान बाहेरून मडगार्ड दाबत होता. मावशांना वाटलं ही पंधराव्याची तालीम आहे. गाडी तसूभर हलली नाही. शुक्रवार उजाडला तेव्हा वेन्सेसनं आपली गाडी धुऊन, पुसून, आरशाला मोरपंखी फीत बांधून तयार ठेवली होती. यारेत्सीच्या झग्याचा रंग मोरपंखी होता.

शुक्रवारी दुपारी डॉन तिबुर्सिओ अंगणात आले. हातात लोखंड कापायचं जुनं यंत्र.

"कापल्याशिवाय बसत नाही," ते म्हणाले. "आम्ही जन्मभर कापत आलो. दुकानवाल्यांना काय कळतंय?"

स्प्रिंग कापू नका, असं कागदावर तिसऱ्या ठिकाणी लिहिलेलं होतं. फाबियाननं कागदाकडे पाहिलं, वेन्सेसच्या फितीकडे पाहिलं, आणि यंत्राची वायर प्लगात घातली. दोघं मिळून कामाला लागले. बोल्ट सोडले, स्प्रिंगा काढल्या, प्रत्येकीचा एकेक वेढा कापला. ठिणग्या उडत होत्या. म्हातारा जुन्या गोष्टी सांगत होता: सासूबाई पुढच्या सीटवर कशा ऐटीत बसायच्या, चढावर गाडी घासली की सारी गल्ली कशी टाळ्या वाजवायची. अठरा वर्षांत दोघं सलग इतकं कधी बोलले नव्हते. फाबियानला इतकं बरं वाटत होतं की उद्याची धास्तीही तो विसरला. स्प्रिंगा परत घातल्या, गाडी जमिनीवर ठेवली. मग डॉन तिबुर्सिओ चिपाडासारखं राहिलेलं शरीर घेऊन पाठीवर सरपटत तिच्याखाली शिरले.

"पाना दे, पोरा. बोल्ट नेहमी असेच आवळायचे, उभ्या गाडीखाली."

फाबियाननं पाना दिला. 'पोरा' ऐकून त्याला भरून आलं, आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे दोष स्प्रिंगांचा नव्हताच! आपण हवेत आवळलेल्या बोल्टांनी गाडी वर टांगून धरली होती. नुसते बोल्ट सोडून खाली आवळले असते तरी तिला हवी तेवढी ती बसली असती. आता बोल्ट तर सुटलेच, शिवाय एकेक वेढाही गेला होता. आणि तिला थोपवायला जे रबरी ठोकळे असतात, ते त्यानं स्वतःच अर्धे करून ठेवले होते.

डॉन तिबुर्सिओ पुरते बाहेर सरकतात न सरकतात तोच गाडीनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि ती बसली. अशी बसली की मडगार्ड आणि चाक यांच्यात पोस्टकार्डही गेलं नसतं. म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. त्यांनी टपावर हात ठेवला, खिशातून किल्ली काढली आणि फाबियानच्या तळहातावर ठेवली. आता यापुढे 'ही जरा जास्तच बसली' हे कोणी आणि कुठल्या तोंडानं सांगायचं?

शनिवारी सकाळी गाडी दारात उभी होती आणि फाबियान कोट घालून घामाघूम झाला होता. चर्चमध्ये त्या दिवशी तीन मुलींचं पंधरावं होतं, एकामागून एक. फादर अन्सेल्मो वेळेचे असे पक्के की उशिरा आलेल्या मुलीला ते पुढच्या मुलीबरोबर एकत्रच आशीर्वाद देऊन टाकायचे. तसं झालं तर मी या गावात राहणार नाही, असं नेरेइदानं सकाळपासून बऱ्याचदा सांगून झालं होतं. दोन दारांची गाडी. झगा मागच्या सीटवर जाईना, म्हणून यारेत्सी पुढच्या सलग सीटवर बापाशेजारी बसली. नेरेइदा आणि डॉन तिबुर्सिओ मागे. एकेक माणूस आत आलं की गाडी थोडी आणखी खाली जायची. शेवटी फाबियान बसला, तेव्हा कुठूनतरी लोखंड कण्हल्यासारखा आवाज आला. वाळूची पोती काढली होती ना, हे त्यानं मनातल्या मनात पुन्हा पडताळलं. काढली होती.

तो मुंगीच्या पावलानं निघाला. मागे वेन्सेसची गाडी, तिच्यामागे पाहुण्यांच्या. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा त्याला कण्यात जाणवत होता. वळणावर चाक मडगार्डला घासलं आणि जळक्या रबराचा वास आला. नेरेइदानं विचारलं, वास कसला. कोणाच्यातरी घरी बिर्रियाचं मटण बुडाला लागलं असेल, असं फाबियान म्हणाला. एका उतारावर खालून ठिणग्या उडाल्या. मागे डॉन तिबुर्सिओंनी खुशीत आपल्या मांडीवर थाप मारली. त्यांचा आनंद पाहून फाबियानला रडू येत होतं.  यारेत्सी त्याच्या हातांकडे आणि पायांकडे बघत होती.

त्यानं रस्ता विचार करून ठरवला होता. मोठ्या रस्त्यानं चर्चचं पुढचं फाटक, सगळं सपाट. पण मोठा रस्ता आला तेव्हा तो आडवा खणून ठेवलेला होता, पाइप दुरुस्तीसाठी. मळक्या टोपीतला एक माणूस निवांत हात करून सगळ्यांना मागच्या गल्लीकडे वळवत होता.

मागच्या गल्लीत तीन स्पीडब्रेकर होते. पूर्वी डॉन तिबुर्सिओ आणि मंडळी रविवारी संध्याकाळी याच गल्लीतून खाली बसलेल्या गाड्या मिरवायची, गाणी लावून, प्रार्थनेच्या वेळेला. ते थांबावं म्हणून फादर अन्सेल्मोंनी नगरपालिकेत खेटे घालून हे स्पीडब्रेकर बसवून घेतले होते. तेव्हापासून खाली बसलेली गाडी त्या गल्लीत शिरलेली नव्हती.

"तिरकी घे," मागून म्हातारा म्हणाला. "एकेक चाक चढव."

फाबियाननं तिरकी घेतली. एक चाक चढलं, दुसरं चढलं, पोटाखालून करवत फिरल्यासारखा आवाज आला, आणि पहिला स्पीडब्रेकर पार पडला. त्यानं श्वास सोडला. दुसरा जरा उंच होता. पुढची चाकं ओलांडून गेली आणि गाडीचं पोट त्यावर टेकलं. टेकलं ते टेकलंच. त्यानं पाय दाबला; इंजिन ओरडलं, मागची चाकं गोल फिरली, धूर निघाला आणि मोंटे कार्लो तराजूच्या दांडीसारखी जागच्या जागी डुलत राहिली. मागे हॉर्न सुरू झाले. चर्चची पहिली घंटा झाली.

नेरेइदा उतरली. उपयोग नाही. डॉन तिबुर्सिओ माझ्या गाडीतून मी उतरणार नाही म्हणाले, मग उतरले. गाडी केसभर वर आली, पण सुटेना. वेन्सेस आणि दोन पाहुण्यांनी मागून रेटलं. वेन्सेसच्या सदऱ्याचं बटण तुटलं, दुसरं काही झालं नाही. यारेत्सीला उतरवायची सोय नव्हती. रस्ताभर ऑइल आणि चिखल होता, आणि जमिनीवर लोळणारा तो झगा शिवायला दीड महिना गेला होता.

"पपा," यारेत्सी हळूच म्हणाली, "तू उतर."

"मी चालवतोय."

"तू आहेस तोवर ती चालणार नाही."

 वेन्सेस काहीतरी बोलेल म्हणून फाबियान क्षणभर थांबला. वेन्सेस बोलला नाही, तेच फार लागलं. अठरा वर्षं वाट पाहिलेली सीट, आणि चर्चचा कळस समोर दिसत होता. दुसरी घंटा झाली. फाबियाननं दार उघडलं आणि तो उतरला.

गाडी वर आली. थोडीथोडकी नाही, पाण्यातून म्हैस उठावी तशी आली. स्पीडब्रेकर आणि पोट यांच्यात चांगली चार बोटं जागा झाली आणि सगळ्या पाहुण्यांनी ती जागा वाकून वाकून पाहिली. कोणीही बसलं तरी ती पुन्हा टेकणार, हे आता कोणी सांगायची गरज नव्हती. पण मग चालवणार कोण?

यारेत्सीनं झगा दोन्ही हातांनी गोळा केला आणि ती सीटवरून सरकत स्टिअरिंगमागे आली. सीट पुढे ओढली. आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला आणला. बूट काढून बाजूला ठेवले.

 फाबियान खिडकीशी वाकून सांगायला लागला, की उजवीकडचं ते गतीचं आणि शेजारचं...

"माहीत आहे, पपा. पायाची बोटं सांभाळ."

गाडी सुटली. ती चालण्याच्या वेगानं सरळ गेली, तिसऱ्या स्पीडब्रेकरपाशी आली, अलगद तिरकी झाली, आणि एकामागून एक चारही चाकं अशी चढून उतरली की खाली खरचटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. असं तिरकं घेणं कपाटाच्या कागदावर नसतं. ते कोणीतरी शेजारी बसून, शंभरदा करून घेतल्याशिवाय येत नाही. फाबियाननं मागे वळून पाहिलं. डॉन तिबुर्सिओ एकदम आकाशाकडे बघायला लागले होते.

"पप्पा?" नेरेइदा म्हणाली.

"सोमवारी बाजाराचं मैदान रिकामं असतं," म्हातारा आकाशालाच म्हणाला. "मला दिसत नाही, तिला दिसतं. मी इंजिन ऐकतो."

फाबियानला आधी राग आला. ज्या किल्लीसाठी त्यानं अठरा वर्षं चांगुलपणा केला, ती त्याच्याच पोरीच्या हातात दर सोमवारी होती! मग पुढे डुलत जाणारी ती डाळिंबी गाडी आणि मागच्या काचेतून दिसणारा पोरीच्या डोक्यावरचा एवढासा मुकुट पाहून राग कुठल्या कुठे गेला. तो धावायला लागला. त्याच्यामागून नेरेइदा, पाहुणे, मावशा अशी सगळी वरात पायी निघाली. चर्चच्या दारात फादर अन्सेल्मो घड्याळ बघत उभे होते. आपल्याच गल्लीतून, आपल्याच तिन्ही स्पीडब्रेकरांवरून आलेली खाली बसलेली गाडी आणि तिच्या स्टिअरिंगमागे आजचीच उत्सवमूर्ती पाहून त्यांनी घड्याळ झाकलं.

यारेत्सीनं गाडी पायऱ्यांशी चिकटवून लावली आणि बूट चढवले. मंडपवाल्यांनी अंथरलेल्या सतरंजीवर ती उतरली, पण आत जाईना. फादरांनी दोनदा खुणावलं तरी ती दारातच उभी राहिली. फाबियान धापा टाकत पोचला, कोटाला ग्रीस, गुडघ्याला धूळ. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि मगच पाऊल टाकलं. एवढ्यावर त्याची सगळी भरपाई झाली, असं तो पुढे सांगायचा, आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं.

आशीर्वाद झाला. बाहेर फोटो चालले असताना तो सासऱ्यांजवळ गेला. आता लपवायचं तरी काय, म्हणून त्यानं सुरुवात केली, "डॉन तिबुर्सिओ, त्या दिवशी ते बोल्ट मी..."

"सोडतानाच कळलं मला. आशीर्वादाच्या दिवशी बोल्टचं बोलू नये."

म्हातारा खुशीत होता. ही वेळ बरी आहे असं वाटून फाबियाननं घसा साफ केला आणि विचारलं, हॉलपासून घरापर्यंत तर रस्ता सपाट आहे; जेवणं झाल्यावर, घरी परतताना तरी थोडी मी चालवू का?

डॉन तिबुर्सिओंनी त्याला वरून खाली नीट न्याहाळलं. नजर पोटापाशी थांबली.

"जेवणं झाल्यावर?" ते म्हणाले. "पोरा, आज तू उपाशीपोटी गाडी टेकवलीस."

फाबियाननं त्या दिवशी बिर्रियाची एकच वाटी घेतली, केकला हातसुद्धा लावला नाही. घरी मात्र तो चालतच आला.